स्पॉटिंग स्कोप, फोन आणि मधलं अंतर

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी बघायची एकडोळी दुर्बीण. तिच्यातून फोटो काढायला फोन लावला की पक्ष्याआधी दिसतं ते काळं वर्तुळ, आणि तेही सारखं सरकणारं. बरेच जण इथेच फोनला नाहीतर स्कोपला नावं ठेवून मोकळे होतात. दोष बहुधा दोघांचाही नसतो. दोघांच्या मधल्या काही मिलिमीटरांचा असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

स्कोप ट्रायपॉडवर लावून उजळ आकाशाकडे वळवा (सूर्याकडे चुकूनही नको) आणि आयपीसपासून (डोळा लावायच्या भिंगापासून) हातभर मागे उभे राहून बघा. आयपीसपाशी एक छोटी उजळ टिकली तरंगताना दिसेल. ही एक्झिट प्युपिल. पुढच्या भिंगात शिरलेला प्रकाश याच टिकलीतून बाहेर पडतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूमची पट, की तिचा व्यास मिळतो. ६५ मिमीचा स्कोप २० पटीवर असेल तर टिकली सव्वातीन मिमीची. ६० पटीवर जेमतेम १ मिमीची. शिवाय ती काचेला चिकटलेली नसते, बऱ्याच आयपीसमध्ये काचेच्या १५ ते २० मिमी मागे असते. फोनच्या कॅमेऱ्याचं भिंग नेमकं तिथे यायला हवं.

हे अंतर जुळवायला आयपीसचा फिरता कप कामी येतो. कप पूर्ण आत घ्या, फोन टेकवा आणि एकेक टप्पा बाहेर काढत जा. फोन फार जवळ असला तर घेवड्याच्या बीसारख्या काळ्या सावल्या चित्रभर फिरतात. फार दूर असला तर काळं वर्तुळ सगळ्या बाजूंनी आत सरकतं. काळेपणा एकाच बाजूला असेल तर अंतराशी खेळत बसू नका. फोन बाजूला सरकलाय किंवा तिरका बसलाय.

हाताने फोन धरून एखादा फोटो मिळतो, पण भरवसा नाही. फोन आयपीसवर पक्का बसवणारा जोड, म्हणजे अ‍ॅडॅप्टर घ्यावा. घेताना आयपीसचा बाहेरचा व्यास मोजून घ्या, आणि फोनचं कव्हर काढूनच बसवा. जुळवाजुळव घरी, पांढऱ्या भिंतीसमोर करायची: उजेडाची चकती पडद्याच्या मधोमध आली की स्क्रू आवळा. चिमट्याच्या अ‍ॅडॅप्टरची एक खोड आहे. त्याचा जबडा आवाजाच्या बटणावर आला की कॅमेरा आपोआप फोटो काढत सुटतो, आणि माणूस अ‍ॅप बिघडलं म्हणून फोन बंद-चालू करत बसतो. जबडा अर्धा सेंटिमीटर वर-खाली घ्या, संपलं.

आता तीन-तीन कॅमेऱ्यांच्या फोनची गोष्ट. स्कोपमागे एकच कॅमेरा असतो, सहसा मुख्य. तुम्ही ३ किंवा ५ पट झूमचं बटण दाबलं की फोन परस्पर दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो आणि पडदा काळा होतो. आयपीस इतकं जवळ पाहून काही फोन स्वतःहून मॅक्रोवरही (अगदी जवळच्या वस्तू टिपायच्या मोडवरही) जातात. मॅक्रो बंद करा, आणि कॅमेरा पक्का करता येईल असं मॅन्युअल अ‍ॅप वापरा. काळी कड घालवायला फोनवर दीड-दोन पट झूम पुरतो. किंवा ती राहू द्या, नंतर कापता येते.

स्कोपचा झूम मात्र आवरा. २० वरून ६० पटीवर गेलात की फोनला मिळणारा प्रकाश साधारण आठ-नऊ पटींनी घटतो. फोन मग आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवतो किंवा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. पिसांचा लगदा होतो तो इथे. फोनचा मुख्य कॅमेरा फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या २५ मिमी लेन्सच्या तोडीचा धरला तर स्कोपच्या ३० पटीवर ७५० मिमीची लेन्स हातात आली. २० मीटरवर तिच्या चौकटीत साधारण १ मीटर रुंदी मावते. म्हणजे चिमणीएवढा पक्षी चौकटीच्या रुंदीचा सहावा-सातवा भाग व्यापेल. याहून मोठा हवा असेल तर जास्त झूमपेक्षा कमी अंतर कधीही चांगलं. घरटं असेल तर तेही नको, लांबच राहा.

आधी डोळ्याने स्कोपचा फोकस करा, मग फोन चढवा. पडद्यावर पक्ष्याच्या डोळ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक होतं. शेवटचा बारीक फोकस स्कोपच्या चाकानेच. काळ्या पाण्यावरचा बगळा असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली घ्या, नाहीतर पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा पक्षी असेल तर उलट, थोडं वर. फ्लॅश आणि नाइट मोड बंद. नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकत्र करतो, त्यामुळे मान वळवणाऱ्या पक्ष्याला दोन चोची येतात.

पडद्याला बोट लागलं तरी एवढ्या पटीवर चित्र थरथरतं. ब्लूटूथ रिमोट वापरा किंवा २ सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. फोन चढवल्यावर वजन मागे जातं आणि स्कोप हळूहळू आकाशाकडे बघू लागतो, म्हणून स्कोपचा पाय ट्रायपॉडच्या पट्टीवर पुढे सरकवून तोल साधा. शटर सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा संथ नसेल तर बसलेला पक्षी सहसा धड येतो. चिखलात चोच खुपसत पळणाऱ्या तुतवाराला तेही पुरत नाही, तिथे बर्स्ट (एका दमात लागोपाठ फोटो).

व्हिडिओतून फ्रेम काढावी का, असं नेहमी विचारतात. ४के व्हिडिओची फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, ओळख पटवायला भरपूर. पिसांचा तपशील हवा असेल तर फोटोच काढा. आणि उन्हं चढल्यावर जमिनीलगतची हवा लहरू लागली, की फोटो असो वा व्हिडिओ, फोकस कितीही फिरवा, चित्र पाण्याखालचंच येणार. त्यावर अ‍ॅडॅप्टर नाही. सकाळी लवकर या, किंवा जवळचा पक्षी शोधा.