मांजर आजारी आहे, कुठली टेस्ट करू?

नमस्कार मंडळी. आज मांजरांबद्दल बोलायचंय, आणि तेही आजारी मांजरांबद्दल. म्हणजे कशी वेळ असते बघा, डॉक्टरांचं तपासून झालेलं असतं, ते म्हणतात ब्लड करू, लघवी बघू, एक सोनोग्राफी पण करून घेऊ, आणि आपण कॅरिअरचं दार धरून उभे, आत माऊ ओरडतीये, आणि डोक्यात एकच चाललेलं असतं की हे सगळं खरंच लागणार आहे का? विचारलं तर कंजूष वाटू, नाही विचारलं तर घरी जाऊन रात्रभर तेच घोळणार.

तर विचारा, बिनधास्त विचारा. फक्त "लागणार आहे का" असं विचारू नका, त्याला उत्तर "हो"च येणार. असं विचारा की डॉक्टर, ह्या टेस्टमध्ये हे निघालं तर आपण काय करणार, आणि नाही निघालं तर काय करणार? दोन्हीकडे औषध तेच असेल, तर ती टेस्ट आज नाही केली तरी चालतं. आणि दोन्हीकडची वाट वेगळी असेल, एकीकडे गोळ्या आणि दुसरीकडे ऑपरेशन, तर मात्र ती टाळून पैसे वाचत नाहीत, ते पुढे दुप्पट जातात. चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुर्ची ओढून नीट समजावतो.

पण थांबा, त्याआधी एक गोष्ट. काही वेळा विचार करत बसायचाच नसतो. तुमचा बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, कण्हतोय, आणि खाली काहीच नाही किंवा जेमतेम दोन थेंब. कितीतरी घरांत ह्याला बद्धकोष्ठ समजतात आणि पोट साफ व्हायचं औषध देऊन सकाळची वाट बघतात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अगदी तसंच. त्याचा लघवीचा मार्ग तुंबलेला असू शकतो, रक्तात पोटॅशियम वाढत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत बोका हातचा जातो. इथे आधी तुंबलेलं मोकळं करायचं, सलाईन लावायचं, आणि खडा होता की दुसरं काही ते मग निवांत शोधायचं. मांजर तोंड उघडं ठेवून कुत्र्यासारखं धापा टाकतंय, मागचे पाय एकदम लुळे पडले आणि पंजे गार लागतायत, कुणी प्रेमाने माणसाची पॅरासिटामॉल चारली, तर तेव्हाही हाच नियम, रेडिओ बंद करा आणि निघा. पॅरासिटामॉलचं खास सांगतो, मांजराच्या लिव्हरला ती निकामी करताच येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी दिसायला लागतात, आणि त्याला एक गोळीसुद्धा पुरते. अर्धी दिली होती फक्त, असं म्हणून घरी थांबू नका.

आता जिथे थोडा वेळ हातात आहे तिथलं बोलू. मांजर ताकास तूर लागू देत नाही, हे पाळणाऱ्या सगळ्यांना माहितीये. दुखत असलं तरी गुपचूप कोपऱ्यात बसणार, आणि आपल्याला वाटतं म्हातारपणामुळे शांत झालीये. म्हणून पहिल्या टेस्ट घरातच होतात आणि त्या फुकट असतात. वजन करा, आधी स्वतःचं, मग मांजर कडेवर घेऊन, आणि वजा करा, स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर पिल्लांसाठी तो बरा. चार किलोचं मांजर ३.६ वर आलं तर आपल्याला फक्त चारशे ग्रॅम दिसतात, पण तो दहावा हिस्सा झाला, साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरावेत तसं. मांजर गाढ झोपलेलं असताना छाती किती वेळा वर होते ते एक मिनिट मोजा, तीसच्या आत असायला हवं, आणि रोजच तीसच्या वर जात असेल तर हृदय किंवा फुफ्फुसाकडे बघायलाच हवं. आणि व्हिडिओ काढा, उलटीचा, खोकल्याचा, लंगडण्याचा, कारण क्लिनिकमध्ये गेल्यावर मांजर असं काही सरळ चालतं की आपणच खोटे पडतो.

चेहऱ्याचा फोटोही काढा. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक पद्धत मांडली, त्यात पाच गोष्टी बघतात, कान कसे वळलेत, डोळे किती मिटलेत, तोंडाचा भाग किती ताणलाय, मिशा सरळ ताठ आहेत का आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. एकदा बघायची सवय लागली की मग आपलं मांजर नुसतं झोपलंय की सोसतंय हे कळायला लागतं.

बरं, आता एक उदाहरण धरून चालू. तेरा वर्षांची मांजरी, वजन उतरलंय, पाणी खूप पिते, अधूनमधून उलटी, भूक मात्र आहे, कधीकधी जास्तच आहे. इथे माझ्या मते ब्लड, लघवी, थायरॉइड आणि ब्लड प्रेशर ह्या चौघांना एकत्र करायला हवं, तोडून करण्यात अर्थ नाही, आणि का ते सांगतो. किडनीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, बरंच उशिरा वाढतं, साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. त्यात मांजर सुकलेलं असेल, स्नायू उरले नसतील, तर क्रिएटिनिन आणखी खाली दिसतं. आणि थायरॉइड वाढलेलं असेल तर किडनीतून रक्त जोरात वाहतं, त्यामुळे किडनी खराब असूनही रिपोर्ट चांगला येतो, मग थायरॉइडची गोळी सुरू केली की दोन-तीन आठवड्यांनी किडनीचं खरं रूप बाहेर येतं आणि लोक म्हणतात गोळीने किडनी घालवली! गोळीने नाही घालवली, ती आधीच गेलेली होती, थायरॉइडने झाकून ठेवली होती. म्हणून लघवी बघायची, किती घट्ट आहे ते, साधं पाणी १ धरलं तर त्याच्या तुलनेत. १.०३५ च्या वर असेल तर किडनी बऱ्यापैकी काम करतेय असं धरतात, आणि शरीराला पाणी कमी पडलंय तरी लघवी पातळच, तर संशय पक्का. ही लघवी डॉक्टर बहुतेक वेळा पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातून काढतात, बघताना आपल्या पोटात गोळा येतो पण मांजर बऱ्याचदा लक्षही देत नाही, आणि ट्रेमधली घाण त्यात मिसळत नाही म्हणून इन्फेक्शन आहे की नाही हे नीट कळतं.

ब्लड प्रेशर हे लोक सर्रास सोडून देतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण म्हाताऱ्या मांजराचं प्रेशर १८० च्या वर राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून ते एका रात्रीत आंधळं होऊ शकतं आणि उपाय म्हणजे बहुतेकदा रोजची एक छोटी गोळी. फक्त मोजायची घाई नको, मांजर खोलीत पाच-दहा मिनिटं शांत बसू दे, पहिला आकडा सोडून द्या, पुढच्या चार-पाच आकड्यांची सरासरी घ्या.

साखरेचंही तेच. क्लिनिकमध्ये घाबरलेल्या मांजराची साखर ३०० च्या पलीकडेही जाऊ शकते आणि डायबेटिस काहीच नसतो. तेव्हा एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करू नका, लघवीत साखर आहे का बघा, किंवा फ्रुक्टोसामिन नावाची टेस्ट असते, ती मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी दाखवते, घाबरून ती वाढत नाही.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, मग सगळंच करून टाकू, मोठं पॅकेज घेऊ. नको हो, एक ना धड भाराभर चिंध्या होतात. नॉर्मल रेंज काढतातच अशी की शंभर निरोगी मांजरांतली पाच तिच्या बाहेर राहतील. आता वीस वेगवेगळ्या गोष्टी एका वेळी तपासल्या, तर अगदी ठणठणीत मांजराचाही निदान एक आकडा लाल यायची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. मग त्या एका लाल आकड्यामागे आणखी दोन टेस्ट, त्यामागे आणखी एक. म्हणून लाल आकडा दिसला की आधी विचारा, हा मांजराच्या लक्षणांशी जुळतो का, आणि नुसता रेषेच्या बाहेर आहे की दुप्पट-तिप्पट आहे?

पोटाच्या जुन्या तक्रारींचं मात्र वेगळं आहे आणि इथे निर्णय खरंच अवघड होतो. महिनोन्महिने उलट्या, पातळ शी, वजन कमी, सोनोग्राफीत आतडं जाड दिसतंय. ही आतड्याची सूज असेल किंवा हळू वाढणारा लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, आणि सोनोग्राफीत दोन्ही सारखेच दिसू शकतात. फरक कळतो तो आतड्याचा तुकडा काढून तपासल्यावर. ती बायोप्सी भूल देऊन होते, खर्च मोठा, आणि तेरा वर्षांच्या मांजराला भूल द्यायची म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात. इथे आपला मघाचा प्रश्न लावा. कॅन्सर निघाला तर प्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉइडच्या जोडीला क्लोरॅम्ब्युसिल, म्हणजे कॅन्सरची गोळी, द्याल का? देणार असाल तर बायोप्सीला अर्थ आहे, आणि त्या औषधावर बरीच मांजरं दोन-दोन वर्षं चांगली राहतात हेही कानावर असू द्या, कॅन्सर शब्द ऐकून लगेच हात टेकू नका. काहीही झालं तरी फक्त प्रेडनिसोलोनच देणार असाल, तर बायोप्सी सोडून द्या, त्यात काही गुन्हा नाही. पण एक करू नका, "बघू तरी" म्हणून आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन मारून घेऊ नका. मांजर चार दिवस पळायला लागतं, आपण खूश, आणि नंतर बायोप्सी केली तर स्टेरॉइडने सगळं पुसट करून ठेवलेलं असतं, मग धड हे नाही की ते नाही.

पिल्लांच्या बाबतीत एफआयपी हा शब्द ऐकला असेल, मांजरांच्या कोरोना व्हायरसचं रूप बदलून होणारा गंभीर आजार. पोट फुगलेलं, ताप उतरत नाही, अँटिबायोटिकने काही फरक नाही. लोक कोरोना व्हायरसची अँटिबॉडी टेस्ट करून येतात आणि पॉझिटिव्ह बघून रडत बसतात, अहो पण तो साधा कोरोना व्हायरस निरोगी मांजरांमध्येही ढिगाने सापडतो, त्या टेस्टवरून एफआयपी ठरत नाही. पोटात पाणी असेल तर त्या पाण्याला विचारा. सुईने काढलं की पिवळसर, चिकट, बोटांमध्ये तार धरणारं निघतं. एक जुनी सोपी टेस्ट आहे, रिव्हाल्टा, एका नळीत डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर ॲसेटिक ॲसिड, त्यात हे पोटातलं पाणी अलगद सोडायचं, विरघळून नाहीसं झालं तर एफआयपी बहुतेक नाही, आणि थेंब तसाच लोंबकळत खाली गेला तर संशय वाढला, पुढची तपासणी करायची. पूर्वी इथेच सगळं संपायचं. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या निल्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे औषध ३१ मांजरांना किमान १२ आठवड्यांच्या हिशेबाने दिलं आणि त्यातली २५ जगली. त्यामुळे आता "एफआयपी म्हणजे झोपवून टाका" असं कुणी पटकन म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

उपचार ठरवताना आजाराइतकंच मांजराच्या स्वभावाकडेही बघा. कागदावर दिवसाला पाच गोळ्या छान दिसतात, पण ती गोळी पाहून मांजर पलंगाखालून तीन तास बाहेर येत नसेल तर काय उपयोग, तिथे औषध पातळ करून मिळतं का, कानाला चोळायचं मिळतं का, दोन वेळांऐवजी एका वेळेवर भागतं का, हे विचारा. डॉक्सीसायक्लिन ह्या अँटिबायोटिकची गोळी असेल तर कोरडी घशात टाकून सोडू नका, मागोमाग सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. आणि खाणं बंद असेल तर त्याला थांबवून ठेवू नका, विशेषतः जाड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी लिव्हरवर चढते आणि मूळ आजारापेक्षा तेच भारी पडतं. गळ्यातून अन्ननलिकेत बसवायची नळी बघून लोक दचकतात, मला मात्र ती सिरिंजने जबरदस्ती चारण्यापेक्षा कितीतरी दयाळू वाटते, औषधही त्यातूनच जातं आणि मांजराचं आपल्याशी वैर होत नाही.

पैशाचं आधीच बोला, तपासणी सुरू व्हायच्या आधी. "माझ्याकडे आज एवढं आहे, ह्यात सगळ्यात कामाचं काय?" असं सरळ सांगितलं की डॉक्टर क्रम लावून देतात. आणि टेस्ट नको, आता फक्त त्रास कमी करू, हाही एक निर्णय आहे, तो घेतला म्हणजे मांजराला सोडून दिलं असं होत नाही. दुखणं, उलटी, भूक, पाणी ह्या चार गोष्टींवर औषध देता येतंच. मात्र तेव्हा कॅलेंडरवर रोज एक खूण करा, चांगला दिवस की वाईट, कारण मन फार फसवं असतं, एका संध्याकाळी मांडीवर येऊन बसली की मागचे सहा दिवस आपण विसरतो. वाईट खुणा जास्त व्हायला लागल्या की डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोलायची वेळ झाली.

आणि पुढच्या वेळी क्लिनिकमधून निघताना दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या, परत कधी आणायचं आणि त्याआधी काय दिसलं तर लगेच फोन करायचा. थायरॉइडची गोळी सुरू केली असेल तर दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा, किडनीसकट. मांजर क्लिनिकमध्ये फार बिथरत असेल तर जायच्या दोनेक तास आधी द्यायचं गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या, डोस त्यांनाच ठरवू द्या, त्याने प्रेशरचा आकडाही जरा खरा येतो. चला, वेळ झाली, नमस्कार.