व्हीलचेअरचा वेग हाताप्रमाणे लावून घ्या

श्रोतेहो, नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले कॅनडाचे अनेक सैनिक पेनिसिलिनमुळे जगले. पण ज्यांचे हातही लुळे पडले, त्यांना साधी व्हीलचेअर ढकलता येईना. ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले अभियंते जॉर्ज क्लाइन त्यांच्यासाठी कामाला लागले. हेच क्लाइन पुढे कॅनडाच्या अल्युएट उपग्रहाच्या, गुंडाळून ठेवता येणाऱ्या अँटेनावर काम करणारे! त्यांनी रुग्णांना आणि डॉक्टरांना विचारत विचारत विजेवर चालणारी खुर्ची घडवली. दोन चाकांना स्वतंत्र चालना दिली, म्हणून ती तंग जागेत वळू लागली. हाताशी जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची छोटी दांडी दिली. 1955 साली कॅनडाने त्या खुर्चीचा नमुना अमेरिकेला भेट दिला. 2005 साली तो मायदेशी परतला. आधी माणूस, मग यंत्र, हा क्लाइन यांचा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे अशी विजेवरची खुर्ची विकत घेताना पहिला प्रश्न असतो, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर? अहो, आधी उंबरठा ओलांडते का ते विचारा! सोसायटीचा रॅम्पही बघा. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी.

आता सेटिंग. आधी बैठक आणि कोपराचा आधार नीट करा. हात लोंबकळत असेल तर कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही. मग विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला प्रोग्रॅमर, म्हणजे खुर्चीचं सेटिंग बदलायचं उपकरण घेऊन घरी बोलवा, शक्यतो ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोर, म्हणजे रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञासमोर.

हात कापतो? ट्रेमर डॅम्पिंग, म्हणजे हाताची थरथर खुर्चीपर्यंत पोचू न देणारं सेटिंग वाढवा, पण बेताने. फार वाढवलं तर खुर्ची उशिरा ऐकते, चालवणारा दांडी आणखी रेटतो आणि खुर्ची नागमोडी जाते. स्नायू क्षीण आहेत? जॉयस्टिकचा थ्रो, म्हणजे दांडी जितकी सरकवावी लागते ते अंतर, कमी करा, म्हणजे थोड्या हालचालीत पूर्ण वेग मिळेल. हात तिरका जातो? पुढची दिशाच थोडी फिरवून घेता येते. झटके येत असतील तर वेग हळूहळू वाढू द्या. पण थांबणं सुस्त ठेवू नका; नाहीतर दांडी सोडल्यावरही खुर्ची पुढे जात राहील, उतारावर तर जास्तच.

वळण्याचा वेग सरळ वेगापेक्षा बराच कमी हवा. फारच कमी केला, तर सतरंजीवर खुर्ची वळतच नाही.

एका वेळी एकच सेटिंग बदला. आधी सपाट फरशीवर, मग उंबरठ्यावर, मग रॅम्पवर चालवून बघा. आणि जमलेले आकडे वहीत उतरवा, कारण कंट्रोलर, म्हणजे खुर्ची चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग बदलला की सेटिंग पुन्हा कारखान्याचं येऊ शकतं.