दाव्याची खाच

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते जंगलात राहणाऱ्या लोकांच्या बाजूनं उभं राहणाऱ्या वकील-कार्यकर्त्यांबद्दल. ओडिशातला नियमगिरी डोंगर ऐकलाय ना, डोंगरिया कोंध लोकांचा देवच तो, तिथलं बॉक्साइट काढायचं चाललं होतं, २०१३ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं ग्रामसभांना विचारा, आणि बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. बाराच्या बारा! तिकडं मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात बेर्ता कासेरेस तिथल्या लेंका आदिवासींच्या नदीवरचं धरण अडवायला उभ्या राहिल्या, २०१६ला त्यांना घरात घुसून गोळ्या घातल्या.

आपल्या राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगरात गवळी धनगरांचे वाडे आहेत. आपल्याकडं ते आदिवासींत धरले जात नाहीत, म्हणून २००६च्या वनहक्क कायद्यात जंगलातल्या जमिनीवर हक्क मिळवायला त्यांना १३ डिसेंबर २००५च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ७५ वर्षं! (याच लोकांच्या म्हशीचं दूध खरं दूध, पिशवीतल्याला ती चव नाही, हे मी कुणासमोरही सांगीन.) पण लक्षात ठेवा, जाणत्या माणसाची लिहून घेतलेली साक्ष हासुद्धा पुरावा आहे.

काही वर्षांमागं एका वकीलबाईंबरोबर मी अशाच वाड्यावर गेलो होतो. दावेदारांकडं कागद एक नाही. साक्षीला शेजारच्या वाड्यावरची आज्जी आलेली, माहेर तिचं हितलंच. वय विचारलं तर म्हणाली, "कोयनेच्या भूकंपात माझी थोरली रांगत हुती बघ." बाईंनी लगेच १९६७ लिहिलं. मग आज्जी उठली, आम्हाला घेऊन मोडक्या गोठ्याच्या जोत्यापाशी गेली, पाला हातानं बाजूला केला, तर दगडाच्या कडेला बोटभर खोल खाच, दाव्यानं घासून घासून गुळगुळीत झालेली. "माझ्या बाची म्हस हितं बांधायची, त्येच्या आधी आज्ज्याची." वकीलबाई खाली बसल्या, खाचेत बोट घातलं, पट्टीनं मोजलं, फोटो काढला, आणि तिथंच मांडीवर कागद ठेवून आज्जीचं बोलणं तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं.

अंगठा द्यायच्या आधी आज्जी म्हणाली, वाचून दाखव. बाईंनी वाचलं. "चुकलंय," आज्जी म्हणाली, "खाचा दोन हाईत, पलीकडची बघितलीच न्हाईस." परत पाला काढला. दुसरी होती. बाईंनी खोडून दोन लिहिलं, मग आज्जीनं अंगठा दिला.