रोजंदारीवरचा क्वार्टरबॅक

नमस्कार. विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, "अमेरिकन फुटबॉल? आणि त्यातला हरणारा माणूस?" हो, दोन्ही खरं आहे. रायन फिट्झपॅट्रिक सतरा हंगाम खेळला. क्वार्टरबॅक म्हणून त्याने सुरुवात केलेल्या सामन्यांपैकी 59 जिंकले, 87 हरले, एक बरोबरीत सुटला. प्लेऑफ म्हणजे बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पण नऊ वेगवेगळ्या संघांकडून क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात करणारा एनएफएलच्या, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या इतिहासात तो एकटाच.

अशा खेळाडूला तिकडे जर्नीमन म्हणतात. आपल्याला वाटतं, जर्नी म्हणजे प्रवास, म्हणून गावोगाव फिरणारा तो जर्नीमन. तसं नाहीये. फ्रेंचमध्ये दिवसाला, दिवसभराच्या कामाला 'जुर्ने' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. उमेदवारी संपलीय, हातात कसब आहे, पण स्वतःचं दुकान नाही, म्हणून दुसऱ्याकडे दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर. थोडक्यात, रोजंदार. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि तो कुठे द्यायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. समोरून सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात. चेंडू आपल्या गड्याच्या हातात पडला तर वाहवा. मधल्यामध्ये समोरच्याने पकडला तर ते इंटरसेप्शन, आणि मग शिव्या. लीगमध्ये संघ 32 आहेत, पण भरवशाचे क्वार्टरबॅक एका वेळी त्याच्या निम्मेही नसतात. उरलेल्या संघांना कुणीतरी हवाच असतो, "खरा माणूस मिळेपर्यंत" जागा धरून ठेवणारा. या 'मिळेपर्यंत'वर फिट्झपॅट्रिकने सतरा वर्षं आणि 8 कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. तेव्हा फार हळहळू नका.

हा अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्टचा मुलगा. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकला. हार्वर्डमधून लोक वॉल स्ट्रीटवर जातात, एनएफएलमध्ये क्वचित. 2005च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, 255 खेळाडू निवडले गेले, त्यात याचा नंबर 250वा. सेंट लुइस रॅम्सने घेतला, बाकावर बसवला. नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टनविरुद्ध पुढचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि हा आत आला. मध्यंतराला संघ 3-24 असा मागे. हा 310 यार्ड (यार्ड म्हणजे जवळपास मीटर) फेकतो, तीन टचडाउन करतो, म्हणजे चेंडू पार समोरच्या टोकाला पोचवतो, जादा वेळेत 56 यार्डांच्या पासवर सामना जिंकून देतो. पहिलाच सामना! एखाद्या सिनेमात असं दाखवलं असतं तर आपण हसलो असतो. पुढच्या काही सामन्यांत इंटरसेप्शनवर इंटरसेप्शन, की पुन्हा बाक. पुढच्या सोळा वर्षांची रंगीत तालीम पहिल्या महिन्यातच उरकली होती.

पुढचा संघ सिनसिनाटी, त्याचं फार सांगत नाही. एक बरोबरी म्हटलं ना, ती तिथली, 2008 सालची, फिलाडेल्फियाबरोबर 13-13. सामना बरोबरीत सुटू शकतो हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं समोरचा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब नंतर म्हणाला. फिट्झपॅट्रिकच्या कहाणीत असली माणसं सारखी भेटतात.

मी मात्र थांबणार आहे त्याच्या पुढच्या संघापाशी, बफेलोपाशी. त्या काळात मी बफेलोत राहायचो. ते गाव समजून घ्या. गिरण्या बंद पडल्यावर आपल्याकडच्या गिरणगावाला जी कळा आली, तीच पोलादाचे कारखाने बंद पडल्यावर तिथे. सहा महिने बर्फ. आणि एक संघ, जो तेव्हा 1999 नंतर बाद फेरीत गेलेला नव्हता. 25 सप्टेंबर 2011, रविवार. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स, त्यांचा नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. त्यांच्याशी लागोपाठ पंधरा सामने हरलेले. बघता बघता 0-21. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी टीव्ही बंद केला. भिंतीतून आवाज थांबला, त्यावरून कळलं. मग हा दाढीवाला सुटला. दोन इंटरसेप्शनही दिली त्या दिवशी, तरी फेकायचा थांबला नाही. 369 यार्ड. शेवटच्या क्षणी खांबांमधून किक मारून तीन गुण, 34-31. तोवर खालचा टीव्ही पुन्हा सुरू झाला होता, आणि आजोबा जिन्यात येऊन कुणाला उद्देशून ते नक्की सांगता येणार नाही, पण ओरडत होते.

महिनाभरात संघाने त्याच्याशी सहा वर्षांचा, 5 कोटी 90 लाख डॉलरचा करार केला. रोजंदार कायम झाला! दोनच दिवसांनी अजून एक विजय; हंगामात पाच विजय, दोन पराभव. आणि मग ओळीने सात पराभव. हंगाम संपताना सहा विजय, दहा पराभव, आणि 23 इंटरसेप्शन, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. 2013च्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. सहा वर्षांचा करार, दुसरा हंगाम संपला आणि नोकरी संपली. एनएफएलमधल्या कराराच्या मोठ्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्यातली हमीची रक्कम किती, तेवढं बघायचं. बाकी सगळं, मालकाची मर्जी असेल तोवर.

मला या माणसात रस आहे तो इथे. ब्रेडीला हरवणारा पास आणि पुढचे सात सामने घालवणारा पास, हे दोन वेगळे पास नव्हते. दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत चेंडू घुसवायचा, हा एकच स्वभाव. तो काढून टाकला असता तर इंटरसेप्शन कमी झाली असती, पण मग त्याला बोलावलं असतं कुणी? सावध खेळणारे बदली क्वार्टरबॅक पैशाला पासरी मिळतात. याला बोलवायचे ते बुडत्या संघात जीव यावा म्हणून, आणि काढायचे तेही याच स्वभावासाठी.

पुढे टेनेसी, मग ह्यूस्टन, मग न्यूयॉर्क जेट्स. 2015चा जेट्सचा हंगाम हा त्याचा सर्वांत चांगला हंगाम. 31 टचडाउन पास, त्या संघाचा विक्रम. दहा विजय. शेवटचा सामना जिंकला की बाद फेरी. आणि सामना कुठे? बफेलोत. समोरचा प्रशिक्षक रेक्स रायन, ज्याला जेट्सने वर्षभरापूर्वी काढलेलं. शेवटच्या पंधरा मिनिटांच्या डावात तीन इंटरसेप्शन. 17-22. पुढच्या उन्हाळ्यात हा करारासाठी अडून बसला, एका वर्षाचे 1 कोटी 20 लाख मिळवले, आणि तिसऱ्याच सामन्यात कॅन्सस सिटीला सहा इंटरसेप्शन दिली. एका सामन्यात सहा!

मग टँपा बे. 2018चे पहिले तीन सामने मुख्य क्वार्टरबॅकवर बंदी, म्हणून हा. 417, 402, 411 यार्ड. लागोपाठ तीन सामन्यांत चारशेच्या वर, असं त्याआधी कुणी केलं नव्हतं. दुसऱ्या सामन्यानंतर हा पत्रकारांसमोर आला तो सहकारी डीशॉन जॅक्सनचे कपडे घालून: गळ्यात जाडजूड साखळ्या, छाती उघडी, काळा चष्मा, खाली ती लाकूडतोड्याची दाढी. चौथ्या सामन्यात मध्यंतराला बाहेर.

मायामीत तर जागा धरून ठेवणं हेच उघडउघड काम होतं. 2020मध्ये संघ चांगला चालला असताना नवशिक्या टुआ टॅगोवायलोआसाठी त्याला बसवलं. फार मनाला लागलं, असं तो मोकळेपणाने म्हणाला. आणि तरी 26 डिसेंबरला लास वेगासमध्ये, 23-25 असे मागे, टुआचं काही चालेना म्हणून पुन्हा हाच आत. 19 सेकंद उरलेली. बचावपटूने त्याच्या हेल्मेटची जाळी मुठीत धरून मान पार दुसरीकडे पिरगाळलीय. चेंडू कुठे चाललाय हे त्याला दिसणं शक्य नाही. तरी तो फेकतो, आणि मॅक हॉलिन्स 34 यार्डांवर झेलतो. जाळी ओढल्याची शिक्षा म्हणून आणखी 15 यार्ड. किक. 26-25. त्या पासची चित्रफीत जरूर बघा, पण चेंडूकडे बघू नका, मानेकडे बघा.

बाद फेरीसाठी आता शेवटचा सामना उरला होता. त्याआधी दोन-तीन दिवस त्याची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली. तो घरी, संघ मैदानात. 26-56 असा हरला. कुठे? बफेलोत, दुसरं कुठे.

2021मध्ये वॉशिंग्टन, नववा संघ. पहिल्या सामन्यात सहा पास फेकले, खुब्याला दुखापत झाली, संपलं. पण जानेवारी 2022मध्ये बफेलोची बाद फेरीची लढत होती, समोर पुन्हा पेट्रियट्स, थंडी उणे 14 अंशांच्या आसपास. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला, तर गर्दीत हा उभा. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी काढून टाकलं त्यांच्यासाठी, शर्ट काढून, उघड्या अंगाने, ओरडत. बफेलोने 47-17ने सामना जिंकला. जून महिन्यात त्याने निवृत्ती घेतली.

काही प्रश्न असतील तर विचारा.