जिन्यावरची चप्पल आणि वॉर्डातला अलार्म

नमस्कार. समोर सिस्टर, ब्रदर आहेत, वॉर्डातल्या मावशी आणि मामाही आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. एरवी लहानपणीचे आघात आणि मोठेपणीचा ताण या विषयावरचं बोलावणं डॉक्टरांनाच जातं.

माझ्याकडे उपचारासाठी एक सिस्टर आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. कोविड वॉर्डात त्यांनी दोन्ही लाटा काढल्या. वॉर्ड बंद झाला, पण घरी कुकरची शिट्टी झाली की त्या दचकून उभ्या राहायच्या. झोप उडालेली. एका ठरावीक बेडची ड्युटी आली की कुणाशी तरी बदलून घ्यायच्या. घरचे म्हणायचे, "बाकीच्या सावरल्या, तुलाच काय झालंय?"

तिसऱ्या भेटीत त्यांनी वडिलांचा विषय काढला. वडील पिऊन यायचे. जिन्यावर चप्पल कशी वाजते, यावरून ही सात वर्षांची मुलगी ओळखायची की आज मार आहे, आणि धाकट्या भावाला घेऊन शेजारच्या काकूंकडे पळायची. तेच कान पुढे वॉर्डात कामी आले. मॉनिटर वाजायच्या आधी पेशंटचा श्वास बदललेला त्यांना कळायचा. सगळे म्हणायचे, सिस्टर हुशार आहेत. होत्याच. पण ते कान सातव्या वर्षापासून झोपले नव्हते.

अमेरिकेत सॅन डिएगो इथे विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा या डॉक्टरांनी १७,००० हून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड. त्यावरचा पहिला शोधनिबंध १९९८ साली आला. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी यातला निदान एक तरी अनुभव सांगितला. म्हणजे या सभागृहातही असे अनेकजण बसलेले असणार.

लहानपणी रोज भीतीत राहिलेल्या मुलाची ताण पेलणारी यंत्रणा कायम सज्ज राहायला शिकते. मोठेपणी नवा आघात झाला की तो खोल रुतण्याची शक्यता वाढते. शक्यताच, विधिलिखित नव्हे. आणि हे मी ठासून सांगतो: एका सिस्टरवर चाळीस पेशंट टाकायचे, सुट्टी द्यायची नाही, आणि नंतर "तिचं बालपणच तसं" म्हणून हात झटकायचे, हा अन्याय आहे. नोकरीला घेताना कुणाचं बालपण तपासणं हाही अन्यायच.

यावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित मानसोपचारानं पुष्कळांना बरं वाटतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, तिथे मराठीत बोलता येतं.

ड्युटी लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टरांना एक विनंती. कुणी एखादा बेड टाळत असेल, तर कामचुकार म्हणायच्या आधी तिला बाजूला घ्या, चहा पाजा आणि झोप लागते का, एवढंच विचारा. लहानपणाचं काढू नका. ते ती सांगेल, तिला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला. सुरुवातीला सांगितलेल्या सिस्टरांना हा प्रश्न त्यांच्या इन्चार्जनी विचारला, वॉर्ड बंद होऊन दीड वर्ष झाल्यावर. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या.