बेल्टवरचा चिमटा

श्रोतेहो, नमस्कार.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षं नोकरी केली. आम्ही गाड्यांचे सीटबेल्ट बनवायचो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुणाच्याही गाडीत बसलो की हात आधी पट्ट्याकडे जातो. ओढून बघतो, सोडून बघतो, मग लावतो. घरचे हसतात. तर मागच्या पावसाळ्यात एकदा बायकोची गाडी घेऊन मी मंडईत निघालो होतो. पट्टा ओढला, तर खांद्याजवळच्या कडीपाशी काहीतरी अडलं. बघतो तर निळा प्लास्टिकचा चिमटा. कपडे वाळत घालायचा, आमच्याच गॅलरीतल्या दोरीवरचा.

घरी येऊन विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचा बेल्ट माझ्या गळ्यावर येतो. सिंहगड रोडला मान वळवून आरशात बघायचं म्हटलं की कापतो. चिमटा लावला की सैल राहतो."

आमच्या हिची उंची चार फूट दहा इंच. आणि पट्टा "तुमचा" होता हे मला नाकारताही येईना.

मी टेप आणून मोजलं. चिमट्यामुळे नऊ सेंटिमीटर ढील राहत होती. पतंगाला ठीक आहे, पण इथे नऊ सेंटिमीटर म्हणजे काय, ते सांगतो. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात असलेली गाडी कठड्यावर आदळणं म्हणजे जवळपास दहा मीटरवरून, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. एक्सप्रेसवेवरच्या १०० च्या वेगाला तेच अंतर चौपट होतं, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. गाडीचं नाक चेपतं आणि त्या चेपण्यात साधारण अर्धा-पाऊण मीटर मिळतो. तेवढ्याच जागेत माणसालाही थांबायचं असतं. अर्ध्या मीटरात थांबलं, तर अंगावर आपल्या वजनाच्या वीस पट जोर येतो. आमच्या हिच्या बाबतीत साडेनऊशे किलो! पट्टा घट्ट असेल तर गाडी थांबायला लागल्याबरोबर माणूसही थांबायला लागतो. सैल असेल तर गाडी थांबत असते आणि माणूस अजून पन्नासच्याच वेगात पुढे चाललेला असतो. ढिलीतले नऊ सेंटिमीटर असे फुकट गेले, की तोच जोर उरलेल्या थोड्या जागेत सोसावा लागतो.

बरं, ही ढील काढायला गाडीत एक यंत्र असतं, प्रीटेन्शनर. चिमूटभर स्फोटक असतं त्यात. धडक बसल्याबरोबर, डोळ्याची पापणी लवायच्या आत ते पेटतं आणि पट्टा मागे ओढून घेतं. बऱ्याच गाड्यांत ही ओढ खांद्यावरच्या कडीतून येते. तिथेच चिमटा अडकून बसला, तर पट्टा ओढणार कसा? मी हे सगळं हिला कागदावर काढून दाखवलं. तिने चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "कळलं. पण गळ्याचं काय करायचं?"

गळ्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे कारण ठाऊक होतं, उपाय नव्हता.

सीटबेल्ट माणसाला हाडांवर धरतो. खांद्याकडून येणारा पट्टा गळपट्टीच्या हाडावरून, म्हणजे मान आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मधून, खाली छातीच्या मधल्या हाडावर यायला हवा. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, ओटीपोटाच्या खाली कमरेच्या हाडांच्या पुढच्या उंचवट्यांवर बसायला हवा. हे कुणाला पटत नसेल तर ढोलपथकातल्या पोरापोरींना विचारा. गणपतीच्या आधी नदीकाठी सराव चालतो तेव्हा नवखी मुलं ढोल पोटावर बांधतात आणि अर्ध्या तासात घामाघूम होऊन बसतात. जुनी मंडळी त्यांना ढोल खाली, हाडावर घ्यायला लावतात. मिरवणुकीत पोट दुखतं तेवढंच, पण धडकेत पट्टा पोटावर असेल तर आतलं आतडं, यकृत, प्लीहा चिरडले जातात. माणूस पट्ट्याखालून सरकत पुढे जातो आणि पट्टा वर चढतो. एक्सप्रेसवेवरचा उर्से टोलनाका ओलांडला की पुढच्या सीटवरचे पाहुणे पाठ मागे पाडून आडवे होतात ना, त्यांचं नेमकं हेच होतं. छातीवरचा पट्टा हवेत आणि कमरेचा पोटावर.

साडीचंही तसंच. निऱ्यांचा आणि पदराचा थर पट्ट्याखाली आला की तेवढी ढील आपोआप वाढते. पट्टा निऱ्यांच्या खालच्या अंगाने घ्यावा आणि वरून एकदा ओढून घट्ट करावा. गरोदर बाईने तर कमरेचा पट्टा पोटाच्या पूर्ण खालून आणि छातीचा दोन स्तनांच्या मधून घ्यायचा. हे आमच्या सुनेला मी सांगितलं, तेव्हा ती जरा लाजली. पण डॉक्टरांनी हा विषय काढलाच नव्हता, मग कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता हा तीन टोकांचा पट्टा आला कुठून? १९५९ साली स्वीडनमध्ये नील्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने तो व्होल्वोसाठी बनवला. त्याआधी हा गृहस्थ साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवत असे. पेटंट घेऊनही कंपनीने ते इतर सगळ्या गाडीवाल्यांना खुलं केलं. आमच्या धंद्याचं सगळं मूळ त्यात आहे.

सुरुवातीचे पट्टे शाळेच्या दप्तरासारखे होते, बकल सरकवून मापाला लावायचे. एकाने लावून ठेवलेलं दुसऱ्याला बसायचं नाही. मग रिट्रॅक्टर आला, म्हणजे स्प्रिंगवर पट्टा गुंडाळून घेणारी रिळाची डबी. स्वतःहून मापाला येणारा पट्टा म्हणजे पहिला हाच. जाड्या-बारीक सगळ्यांना ओढून घेतो आणि एरवी मोकळा सोडतो. त्याच्या आत एक छोटा पोलादी गोळा वाटीत ठेवलेला असतो. गाडी जोरात थांबली की गोळा पुढे सरकतो, दातेरी चाकाला अडसर लागतो आणि पट्टा जागच्या जागी अडतो. नियम असा की डबी १२ अंशांपर्यंत कलली तर अडता कामा नये आणि २७ अंशांच्या पुढे कलली तर अडलीच पाहिजे. कलत्या टेबलावर या डब्या तपासण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली. आमच्या सोसायटीतले एक शेजारी फुटपाथवर एक चाक चढवून गाडी लावतात आणि पट्टा अडतो म्हणून तक्रार करतात. त्यांना गोळ्याची गोष्ट सांगितली, तर त्यांना वाटलं मी पार्किंगवरून टोमणा मारतोय. थोडा होताच.

पण रीळ लांबी जुळवतं. पट्टा कुठून सुरू होतो, ते मात्र ठरलेलं असतं आणि किती जोराने धरायचं, तेही ठरलेलं असतं. आणि ते ठरवताना समोर एकच माणूस होता.

त्या माणसाला आम्ही डमी म्हणायचो. उंची १७५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसहा फूट, वजन ७८ किलो. अमेरिकेत १९७० च्या दशकात बनलेला हा पुतळा जगभर आपटला जातो. बायकांसाठी म्हणून एक लहान पुतळा आहे, दीड मीटर उंच, पन्नास किलोच्या आसपास. सरासरी बाई म्हणून तो घडवलेला नाही, अगदी लहान चणीची बाई तेवढी धरली आहे. आमची ही त्याहूनही दोन-तीन सेंटिमीटर कमी. सरासरी बाईच्या मापाचा, १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलोचा पुतळा स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने जगापुढे आणला तो २०२२ साली. त्याआधी २०११ साली अमेरिकेतल्या अपघातांच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की सारख्याच धडकेत पट्टा लावलेल्या बाई ड्रायव्हरला गंभीर इजा होण्याची शक्यता पट्टा लावलेल्या पुरुष ड्रायव्हरपेक्षा ४७ टक्के जास्त होती. हा आकडा मी आमच्या विभागात वाचून दाखवला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेसहा फुटांचा ड्रॉइंग उघडला. मीही.

लक्ष्मी रोडवरचा शिंपी एका ब्लाउजसाठी सात-आठ मापं घेतो आणि वर ट्रायलला बोलावतो. आम्ही जीव वाचवणाऱ्या कपड्याला एकच माप घेत होतो.

किती जोराने धरायचं, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझा जीव त्यात गुंतलेला आहे. पट्ट्याने माणसाला घट्ट धरून ठेवलं आणि अजिबात सोडलं नाही, तर पट्ट्यानेच बरगड्या मोडतात. म्हणून रिळाच्या मधोमध करंगळीएवढी पोलादाची कांडी बसवतात. तिचं एक टोक अडसराला आणि दुसरं रिळाला. छातीवरचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, गाडीगाडीप्रमाणे साधारण चारशे ते सहाशे किलोच्या पुढे, की कांडी पिळायला लागते आणि पट्टा थोडा थोडा सुटतो. पिळतानाही जोर तेवढाच राहतो. चाचणीत पिळलेल्या कांड्या मी टेबलावर ठेवायचो. ओल्या धुण्याला पीळ द्यावा तसं पोलाद पिळलेलं दिसायचं. मला ती फार देखणी वाटायची.

घोटाळा असा की कांडी एक आणि माणसं अनेक. नव्वद किलोचा पहिलवान जोराच्या धडकेत असेल आणि पट्टा लवकर सुटला, तर त्याचं डोकं स्टिअरिंगवर जातं. त्याला जास्त जोराने धरायला हवं. पण ऐंशी वर्षांच्या आजींना हलक्या धडकेत तेवढ्याच जोराने धरलं, तर त्यांच्या बरगड्या पापडासारख्या तुटतात. म्हणून मग दोन टप्प्यांच्या कांड्या आल्या. एक जाड, एक बारीक, आणि वेळ पडली तर जाड कांडी छोट्या स्फोटाने बाजूला काढायची. व्होल्वोने २०२५ साली जो नवा पट्टा जाहीर केला, त्यात असे धरण्याचे अकरा प्रकार आहेत, आधी तीन होते. सीटवर कोण बसलंय, त्याची उंची, वजन, बांधा, बसण्याची ढब हे आतले सेन्सर सांगतात. गाडी कुठे, किती वेगाने, कोणत्या कोनात आदळतेय हे बाहेरचे सांगतात. दोन्ही जुळवून, धडक पुरती बसायच्या आत, या माणसाला किती धरायचं हे गाडी ठरवते. ईएक्स ६० या गाडीपासून तो येणार असं त्यांनी सांगितलं. शिंप्याच्या ट्रायलच्या जवळ जाणारं असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

हलका प्रकार त्याआधीच आला आहे. आपल्या चाकणलाच जुळणी होणाऱ्या मर्सिडीझच्या वरच्या गाड्यांत, गाडी निघाली की मोटर पट्टा अलगद ओढून अंगासरशी करते. धडकेची चाहूल लागली तर आधीच ताणून धरते आणि काही झालं नाही तर सोडून देते. स्फोट नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा चालतं. धडकेआधीच ताणून धरायची ही युक्ती त्यांनी २००२ साली आणली.

नुसतं आपोआप झालं म्हणजे बरं झालं असं मात्र नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत आपोआप लागणारे पट्टे आले होते. दार लावलं की मोटर खांद्याचा पट्टा दाराच्या चौकटीवरून सरकवत आणून अंगावर घालायची. कमरेचा पट्टा हाताने लावायचा. लोकांना वाटायचं लागला पट्टा, आणि कमरेचा राहून जायचा. मग वरच्या एका पट्ट्याखालून माणूस सरकायचा. एअरबॅग सक्तीच्या झाल्या आणि ते पट्टे गेले. मोटरने लावायचं काम केलं, बसतोय का ते पाहिलंच नाही.

आणि आमच्या साध्या गाडीत? खांद्यावरची कडी वर-खाली करायची सोय फार जुनी आहे. दोन दारांमधल्या खांबावर एक बटण, दाबून कडी चार-पाच खाचांत सरकवायची. अनेकांच्या गाडीत ती आहे आणि गाडी घेतल्यापासून कुणी हात लावलेला नाही. संध्याकाळी खाली जाल तेव्हा बघा. मीही उत्साहाने हिच्या गाडीकडे गेलो. बटण नव्हतं. नुसता एक बोल्ट, वर प्लास्टिकची टोपी. स्वस्त व्हेरियंटला ती सरकणारी पट्टी काढून टाकायची असते, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. असे किती ड्रॉइंग माझ्याच सहीने गेले होते. आणि गाडी घेताना स्वस्त व्हेरियंटचा आग्रहही माझाच.

चिमटा मी काढला. सीटची पाठ सरळ केली, पट्टा जरा खांद्याकडे गेला, पण गळ्याचा त्रास पुरता गेला नाही. जाड उशी घ्यावी असं तिच्या मैत्रिणीने सुचवलं, ते मी हाणून पाडलं, कारण धडकेत उशी दबते आणि माणूस पट्ट्याखालून निसटतो.

दिवाळीच्या आधी आम्ही गाडी बदलायला शोरूममध्ये गेलो. मी मायलेज विचारत होतो. ही सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसली, सीट पुढे घेतली, पट्टा ओढून लावला आणि आरशात बघण्यासाठी मान वळवली. मग बोट गळ्यावर ठेवून म्हणाली, "इथे येतोय. कडी खाली होते का?" सेल्समन मुलगा गोंधळला, पत्रक चाळू लागला. मग घाईघाईने हसत म्हणाला, "मॅडम, त्याआधी सनरूफ दाखवतो ना, पूर्ण काचेचा आहे."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. बकल काढलं, खाली उतरली आणि शेजारच्या गाडीचं दार उघडून आत बसली.

नमस्कार.