काठाला वळलेली चांदी

श्रोतेहो, नमस्कार.

स्टुडिओत माझ्यासमोर वीतभर रुंदीची एक सुती पट्टी आहे. रेडिओवर दाखवता येत नाही, म्हणून सांगते. रंग गडद निळा, मधोमध ओळीनं पाच लाल दिवे, ज्वारीच्या दाण्याएवढे. कडेचं टिचबटण लावलं की पाचही लागतात. उसाच्या हंगामात पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेनं जाणारी तोडणीची माणसं गाडीवाल्याला दिसत नाहीत. त्यांच्या जाकिटावर शिवता यावी म्हणून ही पट्टी.

कापडावर दिवे चिकटवायला माग लागत नाही. मला वीज कापडातच विणायची होती. त्यासाठी नायलॉनवर चांदीचा मुलामा दिलेला धागा मिळतो. विजेला वाट देण्यात चांदीसारखा दुसरा धातू नाही, आणि चांदी म्हटली की आपल्याला हुपरी आठवणारच. शिवाय धातूचा धागा विणणं आपल्याला नवं कुठंय? साडीच्या काठातली जर म्हणजे दुसरं काय असतं? 1990 च्या दशकात अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी कापडात सर्किट बसवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या हाती भारतात विणलेलं, धातूची पातळ पट्टी गुंडाळलेल्या धाग्याचं रेशमी ऑर्गंझा होतं.

पहिला नमुना मी इचलकरंजीत, ओळखीच्या एका कारखान्यातल्या जुन्या धोट्याच्या मागावर काढला. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणला. हा त्याचाच कुणी नातू शोभला असता. चांदीचा धागा मी बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत घातला, एक पट्टा प्लसचा, एक मायनसचा. सेल जोडला. दिवा लागेना, सेल मात्र कोमट झाला. तासभर मी दिवेच बदलत बसले. शेवटी तिथले, माग दुरुस्त करणारे जॉबर मामा हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, धोटा काठाला वळतोय नव्हं? मग तुमची चांदीबी वळणार की!"

खरंच की. धोटा काठापाशी वळतो आणि तोच धागा घेऊन परत येतो. माझे दोन पट्टे काठाकाठानं एकमेकांना जोडलेलेच होते. वीज दिव्याकडे कशाला जाईल? इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात ही चूक सापडली नसती.

मग चांदी ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत घेतली. ताण्याचे धागे शेजारी शेजारी धावतात, वळत नाहीत. टोकाचा दिवा मंद पडत होता, म्हणून दोन्ही बाजूंना एकाऐवजी दोन-दोन धागे घेतले आणि मध्ये सूत भरपूर ठेवलं.

आता डिजिटल जकार्डचं काम. साध्या मागावर एका वयीत, म्हणजे ताणा उचलणाऱ्या चौकटीत, ओवलेले सगळे धागे एकदमच उचलले जातात. जकार्डवर हवा तो धागा उचलता येतो. 1804 च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जाकारनं हे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर साधलं. आज पुठ्ठ्याच्या जागी संगणकातली फाईल आहे. पडद्यावर चौकटी भरायच्या: काळी असेल तर ताणा वर, पांढरी असेल तर खाली. मी कापड दुपदरी विणलं. चांदी दोन पदरांच्या मधून लपून जाते, आणि जिथं दिवा बसायचा नेमक्या तेवढ्याच जागी वर येऊन चार-पाच बाण्यांवरून मोकळी धावते. घामाचा हात तिला लागत नाही. चांदी काळी कशी पडते, हे पैंजण घालणाऱ्या बायकांना मी काय सांगू!

सांध्यानं मात्र रडवलं. डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला गेलं की नायलॉन वितळतं. शेवटी हुपरीच्या एका कारागिरानं सुचवलं, धागा आणि दिव्याची तार एकाच बारीक पोकळ मण्यात ओवून मणी पकडीनं दाबा. दहा मिनिटांत पाच सांधे झाले. सेल टिचबटणावर ठेवला, म्हणजे धुताना काढता येतो. गुगल आणि लेव्हाइसनं 2017 मध्ये विकायला आणलेल्या जाकिटाच्या बाहीतही स्पर्श ओळखणारे धागे विणलेले होते, पण इलेक्ट्रॉनिक्सचा मुख्य तुकडा असाच काढता येणारा होता.

परवा सातव्या धुण्याला चौथा दिवा गेला. उसवून पाहिलं तर मणी शाबूत, धागा मण्याच्या तोंडाशी तुटलेला. कापड पिळलं की नेमका तिथंच ताण येतो. मामांचं म्हणणं, त्या जागी बाणा विरळ करा, धाग्याला हलायला जागा मिळू दे. फाईल तशी बदलली आहे. ताण्याचा रूळ, म्हणजे बीम, उद्या मागावर चढेल.